तव्यावरचा जिताडा आणि संत्र्याचा ग्लेझ: कातडी कुरकुरीत राहण्यासाठी काय काय करता?

दर्याकाठ
मंडळी, दिवाळीच्या आगेमागे बाजारात आंबिया बहाराची संत्री दिसायला लागली की आमच्या ठाण्याच्या घरी एक प्रकार हमखास होतो, तव्यावर कोरडा शेकलेला जिताडा आणि त्याबरोबर संत्र्याचा दाट आंबटगोड ग्लेझ. बाहेर हाच प्रकार मागवला की बऱ्याचदा मासा त्या रसात बुडवून आणतात, कातडी पिळपिळीत होते, म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप तीच गोष्ट गेली. म्हणून सविस्तर लिहितेय. माझं म्हणणं एवढंच की मासा आणि रस यांची गाठ ताटातच पडू द्यायची, त्याआधी नाही. मासा त्याच्या तव्यावर, रस त्याच्या भांड्यात.

मासा घेताना जिताडा किंवा रावस, बिनकाट्याचे कातडीसकट तुकडे, साधारण दीडदीडशे ग्रॅमचे चार. हे मासेवालीला आधीच सांगावं लागतं, नाहीतर सवयीने तिचा कोयता चालतो आणि आडव्या तुकड्या पडतात. "मावशी, खवले नीट काढा पण कातडी राहू द्या, मधला काटा काढून दोन्ही बाजू वेगळ्या करा" एवढं सांगितलं की बरोबर करून देतात. डोकं आणि मधला काटा मागून घ्या, त्याचं कालवण फार सुंदर होतं.

घरी आल्यावर तुकडे धुवून पुसून दोन्ही बाजूंना मीठ लावायचं आणि पंधरा मिनिटं ठेवायचं. मीठ पाणी ओढून काढतं, कातडीवर बारीक थेंब जमतात, ते टिश्यूने दाबून टिपायचे. मग सुरीच्या बोथट बाजूने कातडीवरून एकाच दिशेने ओढत गेलात तर अजून पाणी निघतं, सुरीच्या पात्यावर ते करडं पाणी दिसतंच. हे सगळं कंटाळवाणं आहे पण खरं काम इथेच होतं, कारण पाणी आहे तोवर कातडीचं तापमान १०० अंशांच्या पुढे जात नाही आणि खरपूस रंग यायला साधारण १४० लागतात. ओला मासा तव्यावर टाकला की तो आधी वाफवला जातो आणि मग कितीही वेळ ठेवा, आतून कोरडा होईल पण वरून कुरकुरीत होणार नाही.

बिडाचा तवा किंवा जाड बुडाचा स्टीलचा पॅन मध्यम-मोठ्या आचेवर चांगला तापवायचा, मग दोन चमचे शेंगदाणा तेल, तेल लवलवायला लागलं की तुकडा कातडी खाली करून आपल्यापासून लांबच्या दिशेला अलगद सोडायचा. सोडल्या सोडल्या कातडी आकसते आणि तुकडा मधून वर उचलला जातो, तेव्हा कालथ्याने दहा-पंधरा सेकंद हलका दाबून धरायचा. मग आच मध्यम आणि चार-पाच मिनिटं त्याला हात लावायचा नाही. कडेने बघत राहा, मांस खालून वर पांढरं होत जातं, पाऊण भाग पांढरा झाला की उलटायचा, दुसरी बाजू मिनिटभर बास.

ग्लेझसाठी संत्र्याचा दीड कप रस, एक चमचा किसलेला गूळ, ठेचलेलं आलं बोटाच्या पेराएवढं, एक हिरवी मिरची उभी चिरून. पसरट स्टीलच्या पॅनमध्ये आटवून साधारण अर्धा कप करायचा, गॅस बंद, मिरची बाहेर, मग थंड बटरचे दोन-तीन तुकडे घालून पॅन गोल गोल फिरवायचा म्हणजे चकाकी येते. शेवटी अर्ध्या लिंबाचा रस आणि मीठ. ताटात खाली ग्लेझ, वर मासा, कातडी वरच्या बाजूला. गरम भात आणि काकडीचे काप. तुम्ही कसं करता सांगा.

पेठेतला_खवय्या
वाचूनच भूक लागली. पण एक अडचण, माझ्याकडे स्टीलचाच पॅन आहे आणि मासा हमखास चिकटतो, कातडी पॅनमध्ये आणि मांस कालथ्यावर असं होतं. मग नाईलाजाने नॉनस्टिक काढतो तर कातडी हवी तशी कडक होत नाही. काय करावं?

दर्याकाठ
खवय्या, चिकटण्याची दोन कारणं असतात, पॅन पुरेसा तापलेला नसणं आणि घाई. गार धातूवर माशातलं प्रथिन पडलं की ते धातूला धरून बसतं. स्टीलचा पॅन तापला की नाही बघायला पाण्याचा एक थेंब टाका, नुसता फसफसून उडून गेला तर अजून कमी आहे, थेंब मोत्यासारखा गोल होऊन इकडेतिकडे पळायला लागला की झालं. ते पाणी उडून गेल्यावरच तेल घाला. आणि तुकडा उचलून पाहिला आणि सुटत नसेल तर ओढू नका, अजून अर्धा-एक मिनिट द्या, खालचा थर भाजून कडक झाला की तो आपणहून सुटतो.

नॉनस्टिक वाईट नाही, फक्त रिकामा मोठ्या आचेवर तापवत ठेवू नका, त्याचा लेप साधारण २६० अंशांच्या पुढे खराब व्हायला लागतो. त्यात तेल घालून मध्यम आचेवर करा आणि वेळ थोडा जास्त द्या, कातडी बऱ्यापैकी होते.

मालवणी_तडका
ताई, रागावू नका, पण माका काय ह्या पटूक नाय. मासो आणि गोड? आमच्याकडे सुरमईच्या तुकडीला कोकमाचं आगळ, हळद, मिरची पूड, मीठ लावायचं, तांदळाचं पीठ नि रवा लावून तव्यावर खोबरेलात तळायचं, त्याला वरून गोड पाणी कशाला हवं. माशाची स्वतःची चव एवढी चांगली असताना ती संत्र्याखाली दाबायची म्हणजे मासा ताजा नाही असंच वाटतं मला. ताज्या माशाला काही लागत नाही.

दर्याकाठ
अहो रागवायचं काय त्यात, रव्यातली सुरमई मी आठवड्याला करते आणि तिच्या जागी हे ठेवा असं म्हणतच नाही. पण एक सांगते, रवा लावला की कुरकुरीतपणा रव्याचा असतो, आतला मासा त्याच्या आडोशाला शिजतो. इथे कातडी स्वतः कुरकुरीत होते, मध्ये काही नाही. म्हणून हा प्रकार शिळ्या माशाचा होऊच शकत नाही, लपायला जागाच नाही त्याला. आणि ग्लेझ गोड म्हणजे जिलबीचा पाक नव्हे, गूळ एकच चमचा आहे, आंबट पुढे असलं पाहिजे.

वरूडची_संत्री
आमच्या घरची संत्र्याची बाग आहे म्हणून मधात बोलतो. ताई तुमचं सगळं बरोबर आहे पण रस दीड कपाचा अर्धा कप करा म्हणता ना, तिथं बरेच लोक फसतात, काहून की नागपुरी संत्रं आणि मोसंबी दोन्हीचा रस उकळला की कडू होते. ताजा पिला तर गोड अन् तोच रस अर्धा तास ठेवला किंवा तापवला की घशात कडवटपणा येते. याचं कारण लिमोनिन. फळात ते नसते, त्याच्या आधीचं एक बिनचवीचं द्रव्य बिया, पांढरी साल आणि फोडीच्या पापुद्र्यात असते, फळ पिळलं की ते रसातल्या आंबटात मिसळते आणि हळूहळू त्याचं लिमोनिन होते, अन् उष्णतेनं तर लवकर होते. रस डब्यात भरणाऱ्या कारखान्यांनाही याच्यासाठी वेगळी प्रक्रिया करावी लागते.

लोकं संत्री सोलून बियांसकट मिक्सरमधून काढून राहिले, मग म्हणतात संत्रं खराब होतं. तसं करू नका. संत्रं आडवं कापा, हातानं पिळा, शेवटचा थेंब काढायच्या नादी लागू नका, लगेच गाळा अन् लगेच वापरा. पिळायच्या आधी वरची नारंगी साल किसणीवर हलक्या हातानं किसून ठेवा, खरा वास त्या सालीतल्या तेलात आहे, रसात कमी. आमचं संत्रं सैल सालीचं असते म्हणून सोलल्यावर किसता येत नाही, आख्खं असतानाच किसा. पांढरं लागलं की थांबा.

दर्याकाठ
वरूडची_संत्री, हे फार मोलाचं सांगितलंत. मी पसरट पॅनमध्ये मोठ्या आचेवर भराभर आटवते म्हणून बहुतेक निभावतं, पण मोसंबीच्या बाबतीत कडवटपणा जाणवतो हे खरं. न उकळता दाट करायचा काही मार्ग?

वरूडची_संत्री
आहे ना. आधी गूळ किंवा साखर कोरडी पॅनमध्ये वितळवा, मधासारखा रंग आला की त्यात एक कप रसातला फक्त पाव कप टाका, फसफसते, हात सांभाळा. दोन मिनिटांत पाक दाट होते. गॅस बंद करून मग उरलेला पाऊण कप रस थोडा थोडा अन् किसलेली साल घाला, वरून बटर. सगळा रस उकळला जात नाही म्हणून वास ताजा राहते. थोडं पातळ वाटलं तर चिमूटभर तांदळाची पिठी रसात कालवून एक चटका द्या. आंबिया बहाराचं फळ दिवाळीच्या आगेमागे येते, त्यात आंबट थोडं जास्त असते, मृग बहाराचं फेब्रुवारी-मार्चमधलं जास्त गोड. ग्लेझला आंबियाचं घ्या. मृगाचं घेतलं तर लिंबू वाढवा, गूळ कमी.

गारठा
टोरांटोहून लिहितेय. इथे जिताडा क्वचित दिसतो, मी सॅमन वापरते, कातडीसकट बिनकाट्याचा तुकडा सुपरमार्केटात सहज मिळतो. पद्धत तंतोतंत तीच. पण सॅमन शिजताना बाजूने पांढरा चिकट द्रव बाहेर येतो तो घरच्यांना आवडत नाही, विचित्र दिसतो म्हणतात. कोणाला काही उपाय माहीत आहे का? आणि इथल्या संत्र्यांना वरून मेण लावलेलं असतं, साल किसायची का?

खारेपाट
गारठा, तो पांढरा द्रव म्हणजे अल्ब्युमिन, माशातलंच प्रथिन आहे, खाल्लं तर काही होत नाही. आच फार मोठी झाली किंवा मासा जास्त शिजला की मांस आवळतं आणि ते बाहेर पिळलं जातं. एक लिटर पाण्यात साठ ग्रॅम मीठ विरघळवून त्यात तुकडे दहा मिनिटं बुडवून ठेवा, मग काढून अगदी कोरडे करा, बरंच कमी होतं. असं केलं तर वेगळं मीठ लावू नका. मेणाची साल कोमट पाण्यात घासून धुवून पुसली की चालते.

बाकी जिताड्याचं नाव निघालं म्हणून राहवलं नाही. आम्ही पेणकडचे, आमच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, घरामागच्या तळ्यात जिताडा वाढवायची जुनी पद्धत आहे. हा मासा खाऱ्या पाण्यात पण राहतो आणि गोड्यात पण, आणि बहुतेक जिताडे आधी नर असतात, मोठे झाल्यावर त्यांची मादी होते. तळ्यातल्या जिताड्याला चरबी चांगली सुटते, कातडी जाड असते, म्हणून तव्यावर शेकायला याच्यासारखा मासा नाही. सुरमईची कातडी पातळ, ती या पद्धतीने होते पण तेवढी कडक होत नाही. दोन अडीच किलोचा जिताडा घेतला तर बाजूचा तुकडा दोन-अडीच सेंटिमीटर जाड मिळतो, त्याहून पातळ असेल तर कातडी भाजेपर्यंत आत वाळून जातो.

चोणक
गोव्यातून नमस्कार, माझं नाव बघूनच कळेल की मी कुठल्या माशाच्या बाजूचा, आमच्याकडे जिताड्याला चोणक म्हणतात. मला मुरवण्याबद्दल बोलायचंय. बऱ्याच रेसिपीत मासा तासभर लिंबाच्या रसात मुरवा असं असतं, ते या प्रकाराला अजिबात नको. आंबटाने माशाचं मांस न शिजवताच पांढरं आणि घट्ट होतं, पेरू देशात सेविचे म्हणून तसा न शिजवता खायचा प्रकारच आहे, पण असा आंबटात राहिलेला मासा नंतर तव्यावर गेला की भुगा होतो आणि पाणी सोडतो ते वेगळंच. लिंबू माशाचा वास मारतं हे खरं आहे, समुद्रातला मासा मेल्यावर त्यात ट्रायमिथाइलअमिन तयार होतं, तो आपल्याला येणारा वास, आणि आंबट त्याला बांधून ठेवतं म्हणून वास उडत नाही. पण त्यासाठी शिजल्यावर वरून पिळलेलं लिंबूसुद्धा तेवढंच काम करतं.

आणि बिडाच्या तव्यावर रस ओतू नका कोणी. आंबट रस तव्यावरचा तेलाचा थर खातो आणि ग्लेझला लोखंडाची चव येते. दर्याकाठ यांनी रसाला वेगळं भांडं सांगितलंय ते म्हणूनही महत्त्वाचं आहे.

मीठमिरपूड
आमच्या गावात समुद्राचा मासा आठवड्यातून एकदा येतो तोही बर्फातला. रोहू, कटला नाहीतर फ्रोझन बासा. यातलं कशाचं होईल? आणि मुलं लहान आहेत, काट्यांची भीती वाटते.

दर्याकाठ
मीठमिरपूड, लहान मुलं असतील तर रोहू, कटला या प्रकाराला नको. त्यांच्या मांसात बारीक दुहेरी काटे असतात, ते मधला काटा काढून बाजू वेगळ्या केल्यावरही आत राहतात. बासा बिनकाट्याचा असतो पण पाणी खूप सुटतं आणि कातडी काढलेलीच मिळते, त्याला मीठ लावून अर्धा तास जाळीवर ठेवा, टिपा, तांदळाच्या पिठीचा अगदी पातळ हात द्या आणि मग शेका. कातडीचा आनंद नाही मिळणार पण ग्लेझबरोबर मुलं आवडीने खातात. फ्रोझन तुकडे आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून वितळू द्या, बाहेर ओट्यावर नको.

कोणताही तुकडा घेतलात तरी बोटाचं टोक मांसावरून डोक्याकडून शेपटीकडे आणि उलटं फिरवून बघा, काटा लागतोच हाताला, चिमट्याने तो ज्या दिशेला कललाय त्याच दिशेने ओढा. मुलांसाठी पूर्ण शिजवा. थर्मामीटर असेल तर आत ६३ अंश, नसेल तर सुरीचं टोक जाड भागात घालून बघा, पाकळ्या सहज सुटल्या आणि मध्ये काचेसारखं पारदर्शक काही उरलं नाही की झालं. आम्ही मोठी माणसं त्याच्या थोडं आधीच उतरवतो, ताटात येईपर्यंत आतल्या उष्णतेने पुढचं शिजतं.

खारेपाट
बर्फातल्या माशाबद्दल एक जोडतो. कल्ले उघडून बघा, लाल ओलसर हवेत, विटकरी किंवा करडे नकोत. डोळा फुगीर आणि स्वच्छ, बोटाने दाबलं तर खड्डा राहता कामा नये. बांगडा, कुपा (ट्युना) असल्या माशांच्या बाबतीत जास्तच काळजी घ्या, ते गारव्याबाहेर राहिले की त्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवून जात नाही, तोंडाभोवती लाली, अंगावर गांधी, डोकं दुखणं असा त्रास होतो. वास ठीक आहे म्हणून घेतला असं चालत नाही तिथे.

निंबोणी
मी कोलकात्यात राहते. इथे भेटकी म्हणजे तुमचा जिताडाच, आणि इथलं गंधराज लिंबू म्हणजे काय सांगू, रस कमी पण सालीचा वास असा की घरभर पसरतो. संत्र्याच्या ग्लेझमध्ये शेवटी कागदी लिंबाऐवजी गंधराजाची किसलेली साल आणि दोन थेंब रस घालते. दार्जिलिंगची लहान संत्री पण थंडीत येतात, ती नागपुरीपेक्षा छोटी. कोकणात कोणाकडे पपनस असेल तर त्याच्या फोडी सोलून, पापुद्रा काढून, न शिजवता तशाच ग्लेझमध्ये शेवटी टाका, मासा खाताना मध्ये मध्ये दाताखाली फुटतात. फार छान लागतं. पापुद्रा मात्र सगळा काढायचा, कडू असतो.

मालवणी_तडका
सगळं वाचलं. संत्र्याचं अजून मनाला येत नाही पण कातडीची पद्धत पटली, मीठ लावून टिपायची गोष्ट खरी आहे, आमच्याकडे आजी मासे पंचावर पसरून ठेवायची तळायच्या आधी. म्हणून विचारतो, रसाच्या जागी आगळ घातलं तर? कोकमाचं आगळ आणि गूळ, आमसुलाची चटणी आम्ही खातोच की.

दर्याकाठ
होईल, आणि रंग तर असा येईल की बघत राहाल. फक्त आगळात आधीच भरपूर मीठ असतं तर वरून मीठ अजिबात नको आणि आगळ तीन-चार चमच्यांवर नको, ते अर्धा कप पाण्यात घालून गूळ दोन चमचे करा. आटवताना चाखत राहा कारण आटेल तसं मीठ पुढे येतं. बटरऐवजी दोन चमचे नारळाचं दाट दूध शेवटी घालून बघा, मग उकळू नका, फुटेल. आणि तो मासा शेकायला घाणीचं खोबरेल घेणार असाल तर आच थोडी कमी ठेवा, ते शेंगदाणा तेलाच्या आधी धुरावतं.

पेठेतला_खवय्या
आज केलं! स्टीलचाच पॅन, थेंब पळेपर्यंत तापवला, रावस मिळाला. पहिला तुकडा सुटत नव्हता तर थांबलो, आणि खरंच सुटला, कातडी पापडासारखी वाजली. ग्लेझ वरूडच्या पद्धतीने, गूळ आधी वितळवून. बायको मासे फारसे खात नाही, तिने दुसरा तुकडा मागून घेतला. आता दोन प्रश्न, चार माणसांसाठी करायचं तर चारही तुकडे एकदम टाकायचे का? आणि उरला तर?

दर्याकाठ
वा! चारही एकदम नको, पॅन गार पडतो आणि पाणी सुटून सगळे वाफवले जातात. २८ सेंटिमीटरचा पॅन असेल तर दोन दोन करा, मध्ये बोटभर अंतर. पहिले दोन झाले की ताटलीत नको, वाफेने खालून ओले होतात, तारेच्या जाळीवर कातडी वर करून ठेवा. ग्लेझ आधी करून ठेवलेला चालतो, बटर तेवढं वाढायच्या वेळी.

उरलेल्या माशाची कातडी परत तशी होत नाही, प्रयत्न करू नका. फ्रीजमध्ये झाकून ठेवा, दुसऱ्या दिवशी पाकळ्या मोकळ्या करून गार भातात कालवा, वर उरलेला ग्लेझ, बारीक कांदा, कोथिंबीर, हिरवी मिरची. डब्यात नेता येतं. एक जूनपासून दोन महिने समुद्रातल्या मासेमारीला बंदी असते तेव्हा तळ्यातला जिताडा मिळतो का ते खारेपाट सांगतीलच, पण तेव्हा नागपूरचं संत्रं नसतं.

खारेपाट
मिळतो, ओळखीने सांगून ठेवावं लागतं. तेव्हा लिंबू आणि गूळ एवढ्यावरच करा, पाक वरच्यासारखाच, रसाच्या जागी पाव कप पाणी, आणि दोन लिंबांचा रस गॅस बंद केल्यावर. लिंबू उकळलं की वास जातो.